लाल ठिपक्याची डबी

तळहात नाही, हाताची मागची बाजू. लेकराला कसकस आहे का बघायला आपण कपाळाला लावतो ना, तशी. आमच्या कारखान्यातले एक साहेब कुठल्याही मशीनजवळ गेले की आधी हात उलटा करून तिच्या अंगाला लावायचे, डोळे मिटायचे आणि हात काढून घेत म्हणायचे, "आज बरं आहे. उद्याचं सांगता येत नाही."

रोज हेच. सकाळी सकाळी असं अभद्र बोलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. माझ्या कँटीनमध्ये आले की चहाच्या ग्लासालाही तसाच उलटा हात लावायचे. शंकर फिटर त्यांना चिडवायचा, "साहेब, चहात ग्रीस कमी पडलंय का बघा." ते हसायचे नाहीत. खरंच बघायचे.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव छापून आलं की कोणीतरी पत्ता काढत घरी येईल, असं त्यांना वाटलं असतं. इतक्या भीतींत आणखी एक कशाला? कारखान्यात सगळे त्यांना डबीवाले म्हणायचे. मीही तेच म्हणते.

आता डब्या म्हणजे काय ते सांगते. आमचा कारखाना अंबरनाथला, मोरिवलीच्या अंगाला. रंग बनतो तिथे. मोठमोठ्या पिंपांत रंग घुसळला जातो, त्यात थिनर असतं आणि थिनरची वाफ सगळ्या शेडमध्ये भरून राहते. ती वाफ बाहेर ओढायला मागच्या बाजूला दोन ब्लोअर, म्हणजे माणसाएवढे पंखे. एक जुना आणि मोठा, एक नंतर आणलेला. त्यांना आम्ही बायका थोरली आणि धाकटी म्हणायचो. शेजारीशेजारी राहणाऱ्या, दिवसभर घुमणाऱ्या, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन जावाच त्या.

हे पंखे ज्यावर फिरतात ती बेअरिंग. तिला ग्रीस लागतं. पूर्वी शंकर दर शनिवारी पंप घेऊन जायचा, अंदाजाने भरायचा आणि हात पुसत यायचा. मग डबीवाले आले. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, खाली लोहचुंबक असलेली एकेक डबी त्यांनी प्रत्येक बेअरिंगवर चिकटवली. बेअरिंग किती तापली, किती थरथरते, सगळं ती डबी त्यांच्या फोनवर पाठवायची. मला समजावताना म्हणाले होते, "मावशी, बेअरिंग उपाशी राहिली की रडते. पण तिचं रडणं इतकं बारीक असतं की माणसाच्या कानाला कळत नाही. डबीला कळतं. आकडा वाढला की समजायचं, हिला खायला घाला."

मी म्हटलं, "मग रोजच भरपूर घाला की."

"नाही ना. जास्त झालं तरी तापते. अजीर्ण होतं."

तेव्हापासून मला ती यंत्रं फार जवळची वाटायला लागली. उपाशी राहिली तर रडतात, जास्त जेवली तर आजारी पडतात. आमच्या घरातली माणसं काय वेगळी आहेत?

तर हा माणूस सगळ्यालाच भ्यायचा. बदलापूरला मांजर्लीत राहायचे. पावसाळ्यात उल्हास नदी जिन्यापर्यंत यायची, म्हणून त्यांनी एक जुनी डबी जिन्याच्या खालच्या पायरीवर पत्र्याच्या तुकड्याला चिकटवून ठेवली होती. पाणी लागलं की ती गार पडेल आणि फोन वाजेल, असा हिशोब. बिल्डिंगमधल्या मांजराला तीच पायरी झोपायला आवडायची. मांजर उठून गेलं की डबी गार पडायची, फोन वाजायचा आणि हे कडक उन्हात घरी फोन करून बायकोला विचारायचे, "पाणी आलं का?" त्या माउलीने एवढंच सांगावं, "हो, नळाला आलंय."

आम्ही हसायचो. पण खरं सांगू? माझं हसणं वरवरचं होतं. माझं घर मोरिवलीत, कारखान्याच्या कंपाउंडला लागून. माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपलीकडे हातभर बोळ आणि पलीकडे ब्लोअरची शेड. ती घरघर माझ्या भिंतीतून, भांड्यांच्या मांडणीतून, पाठीच्या कण्यातून जायची. मागे कधीतरी पलीकडच्या एका कारखान्यात भडका उडाला होता. आमच्या गल्लीत तेव्हापासून कोणाच्या घरी कुकरची शिट्टी जरा जोरात झाली तरी बायका दारात येऊन उभ्या राहतात. त्यात माझी सुनंदा, माझी एकुलती एक मुलगी, त्याच रंगाच्या शेडमध्ये पॅकिंगला. डबे भरायचे, झाकणं दाबायची, लेबलं लावायची. पाठ पिंपांकडे, तोंड दाराकडे. ती जागा मीच तिला धरायला लावली होती. म्हटलं होतं, काही झालं तर दार समोर असू दे.

म्हणून हा घाबरट माणूस मला आवडायचा. माझ्या मनात जे चाललेलं असायचं ते तो सगळ्यांसमोर बोलायचा.

एकदा मी त्यांना विचारलं, "तुम्हाला सगळ्यांत जास्त भीती कसली वाटते हो?" मला वाटलं, आग म्हणतील, पूर म्हणतील. ते ग्लास खाली ठेवून म्हणाले, "डबी खोटं बोलली तर, याची."

त्या वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट. आपल्याकडे त्या दिवशी यंत्रं बंद. धुवायची, पुसायची, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. आमचे शेठ उल्हासनगरचे सिंधी, पण खंडेनवमीला त्यांचा उत्साह आमच्यापेक्षा जास्त. स्वतः झेंडू घेऊन यायचे आणि सांगायचे, "मौसी, एकही मशीन सुटायला नको हां. ज्याला विसरलात तोच वर्षभर रुसून बसेल."

डबीवाले दसऱ्यासाठी कोकणात गावी गेले होते. आम्ही बायकांनी पदर खोचले आणि शेड अशी लख्ख केली की विचारू नका. थोरली आणि धाकटीवरच्या डब्यांवर ग्रीस आणि धूळ बसून त्या काळ्या झाल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, देवाच्या दिवशी या अशा कशा ठेवायच्या? चुंबकच तो, ओढला की निघतो. डब्या निघाल्या, फडक्याने पुसल्या गेल्या, पूजेच्या ताटात आल्या. बाकीच्या अवजारांसारखं त्यांनाही हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. आरती झाली. मग शंकरने त्या उचलून परत पंख्यांवर लावल्या. सुट्टी झाली, उद्या दसरा म्हणून सगळे घरी गेले.

डबीवाले परत आले ते प्रसाद घेऊन. उलटा हात सगळीकडे लावून झाला, बरं आहे म्हणून झालं. दोन-तीन दिवस गेले आणि त्यांचा चेहरा उतरला. फोनवर थोरलीचा आकडा वाढत होता. थोरली उपाशी आहे म्हणाले. शंकरने तिला ग्रीस दिलं. आकडा उतरला नाही. पुन्हा दिलं. आकडा आणखी वर गेला. आता हात लावून बघितला तर थोरली खरोखरच कोमट लागायला लागली होती. डबी सांगते तेच हातही सांगतो म्हटल्यावर संशय राहिला नाही. बेअरिंग गेली म्हणाले, उघडून बदलायला हवी.

शेठना माल द्यायचा होता, पण ते अडले नाहीत. म्हणाले, "थोरली बंद ठेवा, धाकटी जोरात चालवा. उल्हासनगरहून नवीन बेअरिंग उद्या सकाळी येते." तसं ठरलं. थोरली बंद झाली. धाकटी दोघींचं काम एकटीने करायला लागली. माझ्या भिंतीतली घरघर त्या दिवशी बदलली, बारीक आणि चढी झाली. मला कसंतरीच वाटलं. पण मला तर रोजच कसंतरी वाटतं, त्याचं काय घेऊन बसायचं?

दुपारची जेवणं आटोपली होती. सुनंदा डबा धुऊन शेडमध्ये परत गेली. मी भांडी आवरत होते, तेवढ्यात डबीवाले मागच्या दाराने आत आले आणि बाकावर बसले. कपाळावर घाम. फोन माझ्यासमोर धरला. मला त्यातलं काय कळणार?

"मावशी, थोरली बंद आहे. मी आत्ता हात लावून आलो, गार आहे. आणि फोनवर तिला ताप चढतोय."

शंकर मागोमाग आला होता. म्हणाला, डबीच बिघडली असणार, साहेब उगाच घाबरतात. त्याने शेठना फोन लावून विचारलंसुद्धा. शेठ तिकडून म्हणाले, "अरे भाई, जो पंखा बंद आहे तो गरम कसा होणार? डबी बदलून टाक." शंकर निघाला. डबीवाले तसेच बसून. मला त्यांच्याकडे बघवेना. ज्या गोष्टीची त्यांना सगळ्यांत जास्त भीती, तीच समोर आली होती. डबी खोटं बोलत होती.

माणूस असा बसला की मी आपली काहीतरी बोलत सुटते, सवय आहे माझी. म्हटलं, "असू दे हो, डबीच ती. नजर लागली असेल. खंडेनवमीला इतकी छान दिसत होती ताटात! आम्ही पुसून कशी चकचकीत केली होती."

त्यांनी मान वर केली. "ताटात?"

"मग काय? पूजा केली ना. दोन्ही डब्यांची."

"काढल्या होत्या?"

"काढल्याशिवाय पुसणार कशा?"

ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "थोरलीच्या डबीवर लाल ठिपका होता. माझ्या बायकोच्या नेलपॉलिशचा. ओळखायला. धाकटीच्या डबीवर काही नव्हतं. कुंकू कोणत्या डबीला लावलंत?"

"अहो, दोघींना. एकीला लावून दुसरीला तसंच ठेवायचं का? जावाजावांत भांडणं लावायचीत?"

हे मी हसत बोलले होते. बोलता बोलताच त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला. दोन्ही डब्यांवर लाल ठिपका. शंकरने लावल्या त्या उलट्या. म्हणजे रडत होती धाकटी, आणि ग्रीस थोरलीच्या तोंडात कोंबलं जात होतं. थोरलीला अजीर्ण झालं म्हणून ती तापली, म्हणून हातालाही पटलं. आणि आता सगळा भार त्या उपाशी धाकटीवर टाकून आम्ही तिला जोरात पळवत होतो. बेअरिंग जाम झाली तर लोखंडावर लोखंड घासणार. ठिणगी उडणार. आणि वाफ तर सगळी त्याच पंख्यातून बाहेर जाते.

मी फक्त एवढंच म्हटलं, "सुनंदा."

ते उठले. मला वाटलं होतं हा माणूस आता ओरडत गेटकडे पळेल. नाही पळाले. शंकरला दारातूनच हाक मारली आणि सांगितलं, "आधी पिंपं थांबव. मग झाकणं. मग माणसं बाहेर. दिव्याच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही. धाकटी सगळ्यांत शेवटी. मी तिच्याजवळ आहे."

मला कळेना. म्हटलं, तीच तर आजारी आहे, तीच आधी बंद करा ना. चालता चालता म्हणाले, "ती थांबली की वाफ आतच राहील, मावशी. लोक आत असताना नको."

मी कँटीनच्या मागच्या दारात उभी राहिले. तिथून शेड दिसते, दोन्ही पंखे दिसतात. थोरली गप्प. धाकटी किंचाळत होती म्हणवत नाही, पण त्या चढ्या आवाजात आता खोबरं खवताना करवंटीला खवणी लागते ना, तसं काहीतरी अधूनमधून येत होतं. आणि तिच्या जाळीशी हा माणूस उभा. हात उलटा करून बेअरिंगच्या घरापासून बोटभर लांब धरलेला. टेकवायची सोय नव्हती, इतकं तापलेलं. ओठ हलत होते. तो जप नव्हता. आवाजात ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून मला वाचता येत होतं. थांब जरा. थांब जरा. थांब जरा.

दारातून बायका बाहेर यायला लागल्या. कोणाच्या हातात लेबलं तशीच. पळू नका असं शंकर सांगत होता आणि स्वतः पळत होता. मी एकेक चेहरा बघत होते. ही नाही. ही नाही. तोंड दाराकडे असलेली माझी मुलगी सगळ्यांच्या आधी यायला हवी होती. आली नाही. मी पुढे निघाले, तर गुरख्याने मला धरलं. मी त्याच्या हाताला चावले असते, खोटं नाही सांगत.

शेवटी आली. नवीन लागलेल्या एका मुलीला चक्कर आल्यासारखं झालं होतं, तिला काखेत धरून आणत होती. मला बघून म्हणाली, "आई, तू चप्पल का नाही घातलीस?"

शंकरने हात वर केला. आत कोणी नाही. तेव्हा डबीवाल्यांनी बाहेरच्या खांबावरचा खटका ओढला. धाकटी लगेच थांबली नाही. कण्हत, खरवडत, उगाच जीव धरून ती फिरत राहिली. आम्ही सगळे गेटबाहेर रस्त्यावर. एक रिक्षावाला थांबून काय झालं विचारत होता, गुरखा त्याला पुढे जा म्हणून हात करत होता. मग आवाज संपला. माझ्या घराची भिंत इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

काही झालं नाही. एवढंच झालं की काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शेड मोकळी हवेशीर झाल्यावर बेअरिंग काढली. डबीवाल्यांनी ती वर्तमानपत्रावर ठेवून आम्हाला दाखवली. आतले गोळे निळेकाळे पडले होते आणि ग्रीसचा करपलेला गूळ झाला होता. शंकर खाली मान घालून बसला. शेठ बघून बाहेर गेले आणि झाडाखाली उभे राहून डोळे पुसत राहिले. आम्हाला वाटलं होतं डबीवाले आता चांगले झापणार. ते म्हणाले, "कुंकू लावा. फक्त डबी काढू नका." मग बेअरिंग वर्तमानपत्रात गुंडाळत म्हणाले, "चूक ठिपक्याची आहे. तुमच्यात राहून लाल ठिपका निवडला मी."

पुढे तुम्हाला वाटेल की या माणसाची भीती गेली असेल, सगळे मान द्यायला लागले असतील. मान मिळाला. भीती वाढली. पूर्वी ते मशीनला भ्यायचे, आता फोनलाही भ्यायला लागले. आकडा बघायचे आणि हात लावून यायचे, हात लावला की पुन्हा आकडा. जेवताना उठायचे. एकदा हाताच्या मागच्या बाजूला फोड आला होता. मी खोबरेल लावलं आणि रागावले. म्हटलं, "इतकं कशाला हो? डबी खोटं बोलली नव्हती ना शेवटी."

"तेच तर, मावशी," ते म्हणाले. "ती खरं सांगत होती आणि मी तिला खोटी समजून इथे बाकावर बसलो होतो. तुम्ही बोलला नसतात तर?"

मलाही तेच वाटतं. अजूनही भांडी घासताना मध्येच वाटतं आणि हात थांबतो.

वर्षभराने त्यांच्या बायकोने हट्टच धरला. मांजर्लीची जागा सोडली आणि दोघं कोकणात गावी गेले. जाण्याआधी ते माझ्या घरी आले. पहिल्यांदाच. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला उलटा हात लावून किती तरी वेळ उभे राहिले. घरघर ऐकत होते की काय, कोण जाणे. मग खिशातून डबी काढली आणि मांडणीच्या लोखंडी पट्टीवर, भिंतीला टेकेल अशी चिकटवली. थोरलीचीच जुनी, लाल ठिपक्याची. कारखान्यात आता ठिपके नाहीत, मोठे आकडे कोरलेत. म्हणाले, शेठना विचारून घेतलीय. या भिंतीतून दोघींचं कळतं, मी गावाहून बघत जाईन.

गावात त्यांना फोन लागतो का, हे मी विचारलं नाही. डबीच्या कडेला एक हिरवा कण लुकलुकायचा. फोडणी टाकताना तो दिसला की बरं वाटायचं. कोणीतरी घाबरायला बसलंय तिकडे, म्हणजे मी जरा कमी घाबरले तरी चालेल.

आता तो लुकलुकत नाही. सुनंदा म्हणते, बॅटरी संपली असेल, आई, एवढंच. असेलही. त्यांचा नंबर लावला तर वाजतच नाही. मी पुन्हा लावत नाही. काय ऐकायला मिळेल, याची भीती वाटते.

सुनंदा अजून त्याच शेडमध्ये आहे, तोंड दाराकडे करून. यंदाच्या खंडेनवमीला मी विळी घासली, अडकित्ता, कात्री, शिवणाचं मशीन, सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. मांडणी खालून वरपर्यंत पुसली. ती डबी मात्र जागची हलवली नाही. तिच्या भोवतीनं फडकं फिरवलं आणि भिंतीला हात लावून बघितला, उलटा.